दिनविशेष २३ सप्टेंबर : असईची लढाई, आणि जालना निजामाकडे कसं गेलं त्याची गोष्ट

जालना : २३ सप्टेंबर म्हटलं की मोबाईलवर फिरणाऱ्या दिनविशेषाच्या यादीत नेपच्यून ग्रहाचा शोध येतो, सौदी अरेबियाची स्थापना येते, दोन-चार नटनट्यांचे वाढदिवस येतात. जालना जिल्ह्याच्या मातीत या तारखेला जे घडलं ते मात्र बहुतेक याद्यांत नसतं. शुक्रवार, २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन आणि जाफराबादच्या मधल्या पट्ट्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असई गावाजवळ मराठे आणि इंग्रज यांच्यात मोठी लढाई झाली. पुढे नेपोलियनला हरवणारा सेनापती इथंच पहिल्यांदा एवढ्या मोठ्या फौजेशी लढला. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला सगळ्या देशात तिरंगा लागला तेव्हा जालन्यात तो का लागू शकला नाही, त्याचा एक धागा या दिवसापर्यंत मागे जातो.

शाळेच्या पुस्तकात हा विषय 'दुसरे इंग्रज-मराठा युद्ध' या मथळ्याखाली चार ओळींत संपतो. त्यात ठिकाणाचं नाव आलं तरी ते आपल्या जिल्ह्यातलं आहे, हे मुलांना कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर.

युद्धाला तोंड कसं फुटलं

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. कंपनीची फौज पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा, परराष्ट्राचा व्यवहार इंग्रजांना विचारून करायचा, अशा त्याच्या अटी होत्या. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. होळकर मात्र त्यांच्यासोबत आले नाहीत, बाजूला थांबले. तिघं एकत्र आले असते तर काय झालं असतं, यावर आजही पारावर वाद होतात.

ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झालं. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. शिंदे-भोसल्यांची फौज अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात उतरली. इंग्रजांच्या दोन तुकड्या तिच्या मागावर होत्या. एक मेजर जनरल आर्थर वेलस्लीची, दुसरी कर्नल स्टीव्हन्सनची. २ सप्टेंबरला स्टीव्हन्सनने शिंद्यांच्या ताब्यातला जालन्याचा किल्ला घेतला. पुढचे तीन आठवडे नुसता पाठलाग चालला. मराठ्यांचं घोडदळ हलकं होतं, ते आज इथं तर उद्या तिथं. तोफा आणि पायदळ मागून येऊन मिळाल्यावर मात्र त्यांची चाल मंदावली.

२१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूरला भेट झाली. मराठ्यांचा तळ भोकरदनच्या बाजूला आहे अशी खबर होती. दोघांनी वेगवेगळ्या रस्त्याने जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं तिथं ठरलं.

एक दिवस आधीच गाठ पडली

२३ तारखेला दुपारच्या आत वेलस्लीची तुकडी पुढच्या मुक्कामाला पोहोचली. इंग्रजी कागदात या गावाचं नाव 'नॉलनिया' असं लिहिलंय. भोकरदन तालुक्यातल्या वाचकांच्या कानाला नळणी आठवावी असंच ते नाव आहे. तिथं त्याला कळलं की मराठ्यांचा तळ भोकरदनला नाही, अवघ्या दोन कोसांवर आहे. सैनिक सकाळपासून चालून दमलेले होते. स्टीव्हन्सन दूर होता. त्याच्यासाठी थांबलं तर रातोरात तळ उठेल, अशी वेलस्लीला धास्ती होती. त्याने त्याच दिवशी लढायचं ठरवलं.

दोन्हीकडची ताकद बघितली तर हा निर्णय वेडेपणाचाच वाटतो. वेलस्लीकडे कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास होती. जोडीला म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठे घोडेस्वार होते. समोर शिंद्यांचं कवायती पायदळच दहा हजारांहून जास्त, शंभराच्या वर तोफा, आणि शिंदे-भोसले यांचं मिळून तीसेक हजारांचं घोडदळ. पायदळाची मुख्य सूत्रं अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होती. बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांच्या बाजूने आल्या होत्या. शिंद्यांच्या नोकरीतल्या बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांनी मात्र कंपनीने आमिष दाखवताच युद्धाच्या तोंडावर नोकरी सोडली होती. पलटणी उभ्या होत्या, पण त्यांना हुकूम द्यायची सवय असलेली माणसं निघून गेलेली. असईच्या निकालात याचा वाटा मोठा आहे.

मराठ्यांची रांग केळनेच्या उत्तर काठाला होती. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वेलस्ली पूर्वेकडे वळला, पण वाटाड्ये म्हणाले की तिकडे नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर दिसली. इंग्रजी नोंदींत ती 'पीपलगाव' आणि 'वरूर' आहेत, म्हणजे आपली पिंपळगाव आणि वरूड ही नावं. गावं इतकी जवळ आहेत तर लोकांची येजा असणारच, म्हणजे उतारही असणारच, असा त्याने हिशेब केला. माणूस पाठवून बघितलं तर उतार खरंच निघाला. ग्रामीण भागातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, पण लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगितला जातो.

नदी ओलांडतानाच मराठ्यांचे गोळे येऊ लागले. वेलस्लीशेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं. इंग्रज दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आले, म्हणजे मराठ्यांची लांब रांग कामाची राहणार नाही, असा त्याचा अंदाज होता. तो चुकला. पोलमनने अख्खी रांग काटकोनात फिरवली. उजवी बाजू केळनेवर, डावी बाजू जुईकाठच्या असई गावावर टेकवून शिंद्यांच्या पलटणी नव्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. तोफांच्या माऱ्यात अशी फिरत करायला उत्तम कवायत लागते. मराठ्यांची फौज म्हणजे नुसता गर्दीचा जमाव, असं जे लिहिलं जातं त्याला हीच गोष्ट उत्तर देते.

तीन तासांत काय घडलं

दुपारी तीनच्या सुमारास लढाई जुंपली. तोफांचा मारा इतका जबर होता की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि तोफची सुरुवातीलाच पडले. मग वेलस्लीने तोफा मागे ठेवून पायदळ संगिनी लावून थेट पुढे घातलं. केळनेच्या बाजूने ७८ वी हायलँडर आणि मद्रासच्या देशी पलटणी मराठ्यांच्या तोफांवर जाऊन भिडल्या. तोफची जागेवर लढले. इंग्रज पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही तोफची उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला. त्या तोफा इंग्रजांना दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

असई गावाच्या बाजूला इंग्रजांची मोठी हानी झाली. तिकडे जायचं नाही असा हुकूम असताना एक तुकडी उजवीकडे वाहवत गेली आणि ७४ वी पलटण तिच्यामागे गेली. गावातून आणि शेजारच्या तोफांतून मारा झाला, वरून घोडदळ आलं. या पलटणीतली चारशेच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने धावून जाऊन उरलेल्यांना वाचवलं. हाच मॅक्सवेल शेवटच्या हल्ल्यात मारला गेला. वेलस्लीच्या अंगाखालचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला.

शिंदे-भोसल्यांचं प्रचंड घोडदळ या सगळ्यात फारसं उतरलंच नाही. पायदळ आणि तोफखाना लढत राहिला, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या पलटणी जुई ओलांडून उत्तरेला निघून गेल्या.

इंग्रजांच्या बाजूला ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता, म्हणजे एकूण १५८४. कवायती फौजेतला तिसरा हिस्सा कामातून गेला. मराठ्यांचे मृत आणि जखमी मिळून सहा हजारांच्या घरात असल्याचं इंग्रजी लेखक मांडतात. मैदानावर बाराशे मृतदेह राहिले असा वेलस्लीचा अंदाज होता. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांत मद्रासकडचे देशी शिपाई फार मोठ्या संख्येने होते, हेही लक्षात ठेवायला हवं. दोन्ही बाजूंनी मेलेल्या बहुतेकांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टीव्हन्सन येऊन पोहोचला. जखमींची सोय करण्यातच इंग्रजांचे पुढचे दिवस गेले. त्यांच्यासाठी अजिंठ्याला दवाखाना केला गेला.

वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी त्याला विचारलं गेलं की लढाईतली तुमची सगळ्यांत चांगली कामगिरी कोणती. त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती याच लढाईची खूण आहे. (योगायोग म्हणजे वेलस्लीचा जन्म १ मे १७६९ चा. जालना जिल्ह्याचा वाढदिवसही १ मे.)

तह आणि जालन्याचं भवितव्य

असईनंतर २९ नोव्हेंबरला आडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर मराठ्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबर १८०३ रोजी भोसल्यांनी देवगावचा तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. जालन्याच्या दृष्टीने महत्त्वाचा हा दुसरा तह. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेला, गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख त्यांनी सोडून दिला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा, तसंच गंगापूर यांचा नावानिशी उल्लेख आहे. पुढच्या वर्षी, १८०४ मध्ये, कंपनीने दोस्तांमध्ये वाटणी केली आणि हा भाग निजामाच्या पदरात पडला. तिथून जालना हैदराबाद संस्थानात राहिलं ते १९४८ पर्यंत.

म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ आणि १७ सप्टेंबर १९४८ या दोन तारखा एकमेकींपासून १४५ वर्षं दूर असल्या तरी जालन्यापुरत्या त्या एकाच गोष्टीच्या सुरुवातीला आणि शेवटाला आहेत. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकार येतात, स्वामी रामानंद तीर्थ येतात, पोलीस कारवाई येते, आणि ते यायलाच हवेत. पण हा भाग मुळात निजामाकडे कसा गेला, हे सहसा कुणी सांगत नाही. मुक्तिदिनानंतर सहाच दिवसांनी असईची तारीख येते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. औरंगाबादच्या बाजूची आघाडी मेजर जनरल ब्रार यांच्याकडे होती. औरंगाबाद लवकर शरण आलं, पण जालन्याच्या परिसरात निजामाच्या फौजेने कडवा प्रतिकार केला आणि शीख व जोधपूरच्या पायदळासोबत रणगाडे वापरावे लागले. जालन्यात गुरख्यांची एक कंपनी ठेवून बाकीची फौज लातूरकडे आणि पुढे मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेली. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रं ठेवली.

पुढे १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड आणि परभणीतून परतूर घेऊन जालना जिल्हा झाला. आणखी एक तारीख जुळते. ज्या ३० डिसेंबरला १८०३ साली जालना तहात गेलं, त्याच ३० डिसेंबरला २०२३ साली जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली.

२३ सप्टेंबरच्या इतर नोंदी

१८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून ग्रह दिसला. १९१७ साली बडोद्याला जात सांगताच राहायला जागा नाकारली गेली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या बागेत झाडाखाली बसून अस्पृश्यता संपवण्याचा निर्धार केला. हा दिवस संकल्प दिन म्हणून पाळतात. १९३२ साली सौदी अरेबियाचं राज्य स्थापन झालं. २०१८ साली रांचीहून आयुष्मान भारत आरोग्य योजना सुरू झाली.

जन्म : हिंदी कवी रामधारी सिंह 'दिनकर' (१९०८), अभिनेते प्रेम चोप्रा (१९३५), अभिनेत्री तनुजा (१९४३).

मृत्यू : १८५७ च्या उठावातले हरियाणाचे सेनानी राव तुलाराम (१८६३), मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड (१९३९), चिलीचे नोबेल विजेते कवी पाब्लो नेरुदा (१९७३).

उद्याच्या दिनविशेषात २४ सप्टेंबर : महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेला सत्यशोधक समाज आणि १९३२ चा पुणे करार.