पपनसाचें घराणें

भाद्रपद लागला कीं दादरच्या आणि बोरिवलीच्या बाजारांत हिरवट-पिवळ्या रंगाचीं, लहान मुलाच्या डोक्याएवढीं फळें टोपल्यांतून दिसूं लागतात. गणपतीपुढें मांडावयाच्या फळांत पपनसाला मान आहे. परंतु हा मान बहुधा पूजेपुरताच. आरत्या होतात, पाहुणे येऊन जातात, मूर्तीचें विसर्जन होतें, केळीं आणि पेरू त्याच दिवशीं संपतात, आणि पपनस मात्र फडताळांत तसेंच पडून राहतें. तें सोलावें कोणी, हा प्रश्न असतो. शेवटीं आठ-दहा दिवसांनीं, साल किंचित् सुरकुतली म्हणजे, घरांतील एखादी आजी विळी पुढें ओढते व सकाळच्या चहाच्या आधीं तें फळ फोडावयास बसते. हा उशीर फळाला मानवतो. झाडावरून उतरल्यावर कांहीं दिवस राहिलेल्या पपनसाचा आंबटपणा उतरतो व गोडी वर येते.

त्याची रीत ठरलेली आहे. देठाकडची चकती काढावयाची, सालीला वरून खालीं पांच-सहा उभ्या चिरा द्यावयाच्या, आणि अंगठ्यानें साल उकलावयाची. सालीखालीं बोटभर जाडीचा पांढरा, कापसासारखा थर निघतो. तो जितका निगुतीनें काढावा तितका पुढचा घास गोड. मग फोडी. संत्र्याची फोड पापुद्र्यासकट तोंडांत टाकतां येते, पपनसाची येत नाहीं. तिचा पापुद्रा चिवट आणि कडू. तो कडेनें चिरून मागें उलटवला म्हणजे आंतला गर मोकळ्या भाताच्या शितांसारखा सुटा होतो. हा गर काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यांत घ्यावयाचा. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत तो कळकल्यावांचून राहणार नाहीं. वर दोन-तीन चमचे पिठीसाखर, मिठाची एक चिमूट, आणि अर्धा तास झांकण. साखर गरांतील रस बाहेर ओढते, व वाडग्याच्या तळाशीं पाक जमतो, फळ गुलाबी असेल तर गुलाबी. चूल पेटवावयाची नाहीं, फोडणी द्यावयाची नाहीं. पोह्यांच्या किंवा उपम्याच्या आधीं वाटीभर हा गर खाल्ला म्हणजे पावसाळ्यानें मंदावलेली जीभ जागी होते.

या पाककृतींत साखरेचें काम सर्वांस दिसतें, मिठाचें दिसत नाहीं. पपनसाचा कडवटपणा मुख्यतः 'नारिंजिन' नांवाच्या द्रव्याचा आहे. तें १८५७ सालीं द व्राय या डच रसायनशास्त्रज्ञास जावा बेटांतील झाडांच्या फुलांत प्रथम सांपडलें, आणि त्याच्या नांवांत संस्कृत 'नारंग' शब्दच लपलेला आहे. मीठ हा कडवटपणा जिभेवर दाबून टाकतें व त्यामुळें दडलेली गोडी पुढें येते; हें प्रयोगानें सिद्ध होऊन १९९७ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. स्वयंपाकघरांत तें त्यापूर्वीं पुष्कळ वर्षें चालत आलेलें होतें.

फळाच्या नांवांचा इतिहास फळाहून कमी रसाळ नाहीं. मुंबईकडे तें पपनस, हिंदींत चकोतरा, बंगालींत 'बाताबी लेबू'. बाताबी म्हणजे बटाव्हिया, जावा बेटांतील डचांची राजधानी, आजचें जाकार्ता. तमिळ भाषेंतील 'पंबळिमासु', डचांचा 'पोंपेलमूस', फ्रेंचांचा 'पांप्लमूस' हे शब्द एकमेकांचे सोयरे आहेत हें कानालाच कळतें, आणि आपलें पपनसहि त्याच गोतांतलें दिसतें. त्यांतील थोरला कोण याविषयीं शब्दकोशकारांचें एकमत नाहीं. पण हीं सर्व नांवें बंदरांतून फिरलेलीं आहेत, आणि फळहि समुद्रावरूनच पसरलेलें आहे. त्याचें माहेर आग्नेय आशिया; चीन देशांत तर त्याची लागवड फार प्राचीन.

दक्षिण कोंकणांत मात्र निराळेंच नांव ऐकूं येतें. सावंतवाडीकडे गणपतीवर जी माटवी बांधतात तिच्यांत तवशी, नारळ, कवंडाळ यांच्याबरोबर 'तोरंजन' टांगतात. गोव्याच्या माटोळींतहि तोरंजनाचा भाऊ 'तोरींग' असतोच. हें तोरंजन म्हणजे पपनस. परंतु शब्द पाहिला तर तो फार्सी 'तुरंज'. आणि तुरंज म्हणजे पपनस नव्हे, महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं जें फळ आहे तें महाळुंग. एका फळाचें नांव दुसऱ्या फळानें घेतलें. अरबांनीं हाच शब्द स्पेनपर्यंत नेला, व तेथें आणि पोर्तुगालांतहि असाच प्रकार झाला. लिस्बनच्या मंडईंत आज कोणी 'तोरांजा' मागितली तर त्याच्या हातीं महाळुंग पडत नाहीं, ग्रेपफ्रूट पडतें. म्हणजे सावंतवाडीची गृहिणी आणि लिस्बनची गृहिणी एकच शब्द उच्चारून एकाच घराण्यांतील दोन फळें घरीं आणतात, आणि दोघींच्याहि बाबतींत तो शब्द मुळांत तिसऱ्याच फळाचा.

ग्रेपफ्रूट हें पपनसाचें अपत्य आहे, आणि तेंहि अगदीं अलीकडचें. त्याची हकीकत वेस्ट इंडीज बेटांत घडली. हॅन्स स्लोन हा वैद्य १६८७ ते १६८९ पर्यंत जमेका बेटांत होता. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, पपनसाचें बीं शॅडॉक नांवाच्या एका कप्तानानें, पूर्वेकडून इंग्लंडला परत जातांना, बार्बाडोस बेटावर प्रथम आणलें. कप्तानाच्या नांवावरून इंग्रजी भाषेंत पपनसाला 'शॅडॉक' हेंच नांव पडलें. बीं आलें, झाडें वाढलीं, आणि शेजारीं युरोपीय वसाहतवाल्यांनीं लावलेलीं गोड संत्र्याचीं झाडें होतीं. पुढचें काम मधमाश्यांनीं केलें. १७५० सालीं ग्रिफिथ ह्यूज नांवाच्या पाद्र्यानें बार्बाडोसच्या वर्णनांत 'निषिद्ध फळ' म्हणून एका झाडाचा उल्लेख केला, तो याच संकराचा मानतात. १८१४ सालीं जॉन लुनन यानें जमेकाच्या वनस्पतींविषयींच्या ग्रंथांत 'ग्रेपफ्रूट' शब्द वापरला. द्राक्षाशीं या फळाचा संबंध काय, असें विचारणाऱ्यांना सामान्यतः सांगण्यांत येतें कीं हीं फळें द्राक्षांसारखीं घोसानें लागतात. लुनननें स्वतः मात्र द्राक्षासारख्या चवीचें कारण दिलें आहे, व तें वाचून त्यानें द्राक्षें खाल्लीं होतीं कीं नाहीं अशी शंका येते.

वनस्पतिशास्त्रज्ञ पुष्कळ काळ या फळाला पपनसाचाच एक प्रकार समजत. तो पपनस व संत्रें यांचा संकर असावा हें मत १९४८ च्या सुमारास पुढें आलें, आणि पुढें जनुकांच्या परीक्षेनें तें खरें ठरलें. माता पपनस, पिता संत्रें. आणि गोड संत्रें हें स्वतःच पपनस व लहान नारिंग यांच्या मिश्रणांतून झालेलें, म्हणजे ग्रेपफ्रुटाच्या अंगीं दोन्हीकडून पपनसाचें रक्त. पुढें ओदे फिलिप नांवाच्या गृहस्थानें तें फ्लॉरिडांत नेलें. तेथून आगगाडीनें न्यूयॉर्कास जाऊं लागल्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभीं, तें अमेरिकेच्या न्याहारींत स्थिरावलें. फळ आडवें दोन भाग कापावें, वांकड्या पात्याच्या सुरीनें गर पापुद्र्यांपासून सुटा करावा, साखर पेरून रात्रभर थंड जागीं ठेवावें, सकाळीं मध्यभागीं एक चेरी बसवून टेबलावर मांडावें; यासाठीं दातेरी कडेचा निराळा चमचाहि निघाला. दादर-बोरिवलीच्या आजीनें अर्ध्या तासांत जें केलें त्याहून हें फारसें वेगळें नाहीं. फक्त आजी पापुद्रा काढून टाकते आणि साहेब तो सालींत चिकटलेला ठेवून चमच्यानें चुकवितो. साल पातळ असल्यानें साहेबाला तें साधतें. पपनसाच्या बाबतींत हा चमचा निरुपयोगी आहे.

मुंबईच्या उत्तरेस पपनसाचीं झाडें कोठें होतीं हें समजावयास साष्टीचा इतिहास थोडा पाहावा लागतो. १५३४ सालीं हें बेट पोर्तुगीजांकडे गेलें, १७३९ पर्यंत मराठ्यांनीं तें जिंकलें, १७७४ सालीं इंग्रजांनीं घेतलें. राज्यें बदललीं तरी अंधेरीजवळचें आंबोली, मरोळ, चकाला, घाटकोपरजवळचें किरोळ, बोरिवलीजवळचें एक्सर, शिंपोली हीं गांवें भातशेतीचीं, गवताचीं, ताडामाडांचीं आणि मिठागरांचींच राहिलीं. घराभोंवतीं वाडी, वाडींत विहीर, विहिरीच्या ओलाव्यावर केळ, लिंबू आणि एखादें पपनस. संत्र्या-मोसंब्याला कोंकणपट्टीची दमट हवा मानवत नाहीं, त्यांना नागपूर-नगरकडची कोरडी हवा पाहिजे. पपनस मात्र या दमट हवेंतच पोसतें. म्हणून हें झाड बागाईतदारानें मुद्दाम शेंकड्यांनीं लावावें असें फारसें झालें नाहीं. तें परसांत एकट्यानेंच वाढलें.

वाडीला धक्का दिला तो आगगाडीनें. १८५३ सालीं ठाण्याची गाडी सुरू झाली, १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे रोजची गाडी आली, १९२० सालीं उपनगर जिल्हा वेगळा झाला, १९२२ च्या सुमारास मुलुंडची नव्यानें आखणी झाली, १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी पोंचली. गिरगांवांतील दोन खोल्यांत कोंदलेलीं कुटुंबें पार्ले, अंधेरी, घाटकोपर येथें बंगल्यांत राहावयास आलीं तेव्हां त्यांना वाड्यांतलीं हीं जुनीं झाडें आयतींच मिळालीं. प्रारंभीं त्यांचें कौतुकहि झालें. १९५० सालीं अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ सालीं बोरिवली-मुलुंड बृहन्मुंबईंत सामील झालीं, बंगल्यांच्या जागीं तीन मजली इमारती आल्या, त्यांच्या जागीं आणखी उंच आल्या, आणि विहिरी बुजल्या. आंब्याचें झाड तोडावयास माणसें थोडी तरी कचरतात. पपनसाबद्दल कोणी फारसें कचरलें नसावें.

या तोडण्यांत जें गेलें तें आंब्याच्या तोडीहून एका अर्थीं अधिक आहे. ग्रेपफ्रुटाच्या बहुतेक बियांत आईची हुबेहूब प्रत असते. बीं पेरलें तरी झाड आईसारखें येतें, म्हणून 'मार्श' जातीचें फळ फ्लॉरिडांत खा किंवा दक्षिण आफ्रिकेंत खा, चवींत फारसा फरक नाहीं. पपनसाच्या बियांचें तसें नाहीं. एका बियेंत एकच गर्भ, आणि त्यांत आई व बाप दोघांचा वांटा. म्हणून बियेपासून आलेलें प्रत्येक झाड वेगळें: कुणाचा गर पांढरा, कुणाचा लालसर, कुणी साखरेवांचून गोड, कुणी शेरभर साखर घातली तरी कडूच. कप्तान शॅडॉकच्या बियांतून नवें फळ उपजलें तें याच गुणामुळें. आणि याच गुणामुळें मरोळच्या किंवा एक्सरच्या एखाद्या वाडींतलें झाड पडलें म्हणजे त्याची चव दुसऱ्या कुठल्याहि झाडावर सांपडत नाहीं.

आज उपनगरांतील मोठ्या दुकानांत परदेशी लाल ग्रेपफ्रूट वर्षाचे पुष्कळ महिने कागदी चिठ्ठी लावून ठेवलेलें असतें, आणि पपनस भाद्रपद-आश्विनापुरतें फूटपाथवर येतें. दोहोंविषयीं एक गोष्ट घरांतील औषधाच्या डब्याशेजारीं लिहून ठेवण्याजोगी आहे. कानडांतील संशोधकांना १९८९ सालीं योगायोगानें आढळलें कीं, ग्रेपफ्रुटाच्या रसाबरोबर रक्तदाबाचें फेलोडिपिन हें औषध घेतलें तर त्याचें रक्तांतील प्रमाण फार चढतें. मद्याची चव लपविण्यासाठीं प्रयोगांत तो रस वापरला होता, इतकेंच त्याचें निमित्त. या फळांतील कांहीं द्रव्यें आंतड्यांतील औषध पचविणाऱ्या घटकाला निकामी करतात, व त्यांचा परिणाम एक दिवसाहून अधिक टिकतो. म्हणून औषध सकाळीं व फळ संध्याकाळीं अशी युक्ति चालत नाहीं. सिंव्हास्टॅटिन, अॅटोर्व्हास्टॅटिन अशीं कोलेस्टेरॉलचीं कांहीं औषधेंहि यांत येतात. हीं द्रव्यें ग्रेपफ्रुटाला आईकडून मिळालेलीं आहेत, तेव्हां पपनसहि यांतून सुटत नाहीं. अशीं औषधें घेणाऱ्यांनीं वाडगा पुढें ओढण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें; अशीं औषधें न घेणाऱ्या मुलांनीं आणि नातवंडांनीं खावयास हरकत नाहीं.

ज्यांच्या परसांत अजून गोड फळाचें झाड उभें आहे त्यांनीं त्याचें बीं पेरून भागणार नाहीं, हें वर सांगितलेंच. त्याला गुटी कलम पाहिजे. पावसाळ्याच्या आरंभीं पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची बोट-दीड बोट साल गोल काढावी, त्या जागीं ओलें शेवाळ बांधून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा. दीड-दोन महिन्यांत कागदाआड पांढरीं मुळें दिसूं लागतात. मग ती फांदी मुळांखालीं कापून कुंडींत लावावी, आणि पहिले कांहीं आठवडे सावलींत ठेवावी.