आठवड्याला फक्त १२ तास काम, तरी महिनाअखेर खिसा रिकामा! फ्रेंच शाळेतल्या 'लँग्वेज असिस्टंट'चं आयुष्य कसं असतं?

सात महिन्यांचा करार, आठवड्याला १२ तास काम, मध्ये मध्ये दोन-दोन आठवड्यांच्या सुट्ट्या आणि मुक्काम थेट फ्रान्समध्ये. फ्रेंच शिकणाऱ्या कुणालाही ही नोकरी स्वप्नवत वाटेल. पण पॅरिसचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्या अनेकांची नेमणूक होते ती एखाद्या छोट्या गावात. तिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि संध्याकाळची शेवटची बस चुकली की घरी जायची पंचाईत होते.

मग ही नोकरी नेमकी आहे तरी काय?

हे असिस्टंट म्हणजे कोण?

फ्रान्समधल्या सरकारी शाळांमध्ये परदेशी भाषा शिकवताना, ती भाषा सहज बोलणारी एखादी तरुण व्यक्ती वर्गात असावी, ही कल्पना जुनी आहे. १९०५ पासून ही देवाणघेवाण सुरू आहे. आज हा कार्यक्रम 'फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल' ही सरकारी संस्था चालवते. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, अरबी, चिनी अशा अनेक भाषांसाठी दरवर्षी काही हजार तरुण-तरुणी फ्रान्समध्ये येतात. इंग्रजीसाठी ज्या देशांतून असिस्टंट घेतले जातात, त्यात भारतही आहे.

अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून फ्रेंच घेणारे आपल्याकडे बरेच. पुढे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अलियाँस फ्राँसेजमध्ये तीच भाषा नेटाने शिकणाऱ्यांसाठी ही एक वाट आहे. गंमत म्हणजे शिकायचं फ्रेंच आणि तिकडे जाऊन शिकवायचं इंग्रजी!

सहावीनंतर पाचवी

पहिला गोंधळ होतो तो इयत्तांचा. फ्रान्समध्ये इयत्ता उलट्या मोजतात. प्राथमिक शाळा संपली की साधारण अकराव्या वर्षी मूल 'कोलेज'मध्ये सहावीत जातं. त्यानंतर पाचवी, चौथी, तिसरी. मग 'लिसे'मध्ये दुसरी, पहिली आणि शेवटी 'तेर्मिनाल', म्हणजे आपली बारावी. तिथे 'बाकालोरेआ' ही मोठी परीक्षा असते. त्यामुळे 'तिसरीच्या वर्गाला शिकवा' असं सांगितलं, तर समोर १४-१५ वर्षांची मुलं बसलेली असतात.

असिस्टंट हा शिक्षक नसतो. तो परीक्षा घेत नाही, मार्कही देत नाही. वर्गाची जबाबदारी शिक्षकाचीच. बऱ्याचदा शिक्षक अर्धा वर्ग स्वतःकडे ठेवतात आणि उरलेली दहा-बारा मुलं असिस्टंटकडे पाठवतात. काम एकच, मुलांना बोलतं करायचं. खेळ, चित्रं, गाणी, वादविवाद, काहीही चालतं. 'तुला फ्रेंच येतं हे मुलांना कळू देऊ नकोस', अशी सूचना अनेक शिक्षक पहिल्याच दिवशी देतात. कारण ते कळलं की मुलं इंग्रजी बोलायचा प्रयत्नच सोडतात.

भारतीय असिस्टंटसमोर आणखी एक पेच असतो. फ्रेंचमध्ये भारतीय माणूस आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी या दोघांनाही एकच शब्द आहे, 'अँदियँ'. त्यामुळे लहान वर्गात ओळख करून द्यायची तर नकाशा काढूनच सुरुवात करावी लागते.

दिवस कसा जातो?

तास साधारण ५५ मिनिटांचा. पण १२ तास सलग कधीच नसतात. सकाळी ८ वाजता एक, मग दोन तास रिकामे, दुपारी पुन्हा एक. कुणाला दोन-तीन शाळा वाटून दिलेल्या असतात, मग प्रवासातच वेळ जातो.

रिकामा वेळ शिक्षकांच्या खोलीत, कॉफी मशीन आणि झेरॉक्सच्या रांगेत जातो. सुरुवातीला इथेच सगळ्यात एकटं वाटतं. सगळे भराभर बोलत असतात आणि पुस्तकातलं फ्रेंच कामी येत नाही. ही कोंडी फुटते ती जेवणाच्या टेबलावर. शाळेच्या 'काँतिन'मध्ये आधी सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही आणि शेवटी गोड, असं निवांत जेवण होतं. शाकाहारी माणसाची मात्र इथे परीक्षाच असते.

अधूनमधून संप होतो. शिक्षक किंवा रेल्वे कर्मचारी संपावर असले की त्या दिवसाचं वेळापत्रक विसरायचं.

एक नियम आधीच माहीत हवा. सरकारी शाळेत काम करणाऱ्याला धर्म दाखवणारी कोणतीही खूण अंगावर ठेवता येत नाही. विद्यार्थ्यांनाही ठळक धार्मिक चिन्हं वापरायला २००४ च्या कायद्याने बंदी आहे.

पैशांचं गणित

हातात येतात महिन्याला सुमारे ८०० युरो. फ्रान्समध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्याचं किमान वेतन हातात साधारण १,४०० युरो पडतं, यावरून अंदाज यावा. सुट्ट्यांचा पगार कापत नाहीत, हा दिलासा.

खरी कसोटी पहिल्या महिन्यात लागते. करार १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि पहिला पगार यायला महिनाअखेर उजाडते. घर भाड्याने घ्यायचं तर घरमालक पगाराची पावती आणि जामीनदार मागतो. बँकेत खातं उघडायचं तर बँक घराचा पत्ता मागते. पगार जमा व्हायला खातं लागतंच. या चक्रातून सुटायला दोन सरकारमान्य आधार आहेत. 'विझाल' ही योजना तरुण भाडेकरूंना मोफत जामीन देते आणि 'काफ' हे कार्यालय घरभाड्यासाठी मदत देतं. पण अर्ज मंजूर होईपर्यंत भागेल इतकी शिल्लक घरूनच न्यावी लागते. शिवाय तिकडे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो.

मग जायचं कशाला?

पैसे साठवायला ही नोकरी नाही. ३० एप्रिलला करार संपतो आणि पुढे काय, हा प्रश्न जवळपास प्रत्येकासमोर असतो. पण फ्रेंच शिकवायचं किंवा अनुवाद करायचा असेल, तर वर्गात शिकलेली भाषा आणि घरमालकाशी भांडता येईल इतकी भाषा यातला फरक या सात महिन्यांत भरून निघतो. ऑक्टोबरमध्ये मान खाली घालून बसणारा मुलगा एप्रिलमध्ये मोडक्या-तोडक्या इंग्रजीत मुंबईच्या लोकलबद्दल विचारू लागतो, तेव्हा त्या १२ तासांत काय झालं हे असिस्टंटलाही कळतं.