शिक्का, मोर्तब आणि रबरी ठसा

एखादी गोष्ट कायमची ठरली म्हणजे तिच्यावर ‘शिक्कामोर्तब झालें’ असें मराठींत म्हणतात. या जोडशब्दांत दोन निरनिराळ्या मुद्रा एकत्र आल्या आहेत, याची आठवण मात्र आतां फारशी उरलेली नाहीं.

मराठी राज्याच्या दफ्तरांत महत्त्वाचा कागद दोन ठिकाणीं मुद्रांकित होई. आरंभीं मोठा शिक्का असे आणि त्यांत तो कागद कोणाच्या अधिकारानें निघाला तें कळे. मजकूर जेथें संपे तेथें लहान मुद्रा उमटे, तिचें नांव मोर्तब. दक्षिणेंतील सुलतानांच्या दरबारीं फारसी शिक्क्यांचा प्रघात असतांना शिवाजी महाराजांनीं आपल्या अष्टकोनी मुद्रेसाठीं संस्कृत भाषा घेतली. शहाजीच्या पुत्राची ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढणारी असून लोककल्याणासाठीं शोभते, असा तिचा आशय आहे. पत्राच्या शेवटीं ‘मर्यादेयं विराजते’ हें मोर्तब येई. पुढें पेशव्यांच्या मोर्तबांत ‘लेखनसीमा’ हा शब्द आला. दोहोंचा अर्थ एकच: लिहिणें येथें संपलें.

ही सीमा केवळ शोभेची नव्हती. सनदेच्या अखेरीस दोन बोटें कोरी जागा राहिली, तर मागाहून कोणीहि तेथें एखादें शेत, एखादा हक्क किंवा एखादी रक्कम वाढवावी आणि वर तर शिक्का खराच! एका ओळीनें एकाचें वतन जावें आणि दुसऱ्याचें व्हावें, असा तो प्रकार. म्हणून पहिली मुद्रा हुकूम कोणाचा तें सांगे आणि दुसरी तो कोठवर आहे तें सांगे.

तथापि खोट्या कागदावर खरीच मुद्रा उमटली तर काय, हा प्रश्न त्याहून जुना आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाची उभारणी त्यावरच झाली आहे. अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हातीं लागते. तिनें मुद्रित केलेलें एक कपटपत्र पुढें येतें आणि राक्षस ज्या मलयकेतूच्या पक्षाला मिळालेला असतो, त्याच्याच मनांतून तो उतरतो. अंगठी खरी होती, अक्षरें स्पष्ट होतीं. मालक तेवढा तेथें नव्हता.

चार्ल्स गुडइयर यानें 1844 सालीं गंधकाच्या योगानें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट अमेरिकेंत घेतलें आणि त्या शतकाच्या उत्तरार्धांत रबरी शिक्के प्रचारांत आले. धातू कोरणाऱ्या कारागिराची गरज कमी झाली आणि शिक्का स्वस्त झाला. पुढें शाईचें पॅडहि शिक्क्याच्याच पोटांत गेलें.

या आपोआप शाई घेणाऱ्या शिक्क्याची रचना मोठी चतुर आहे. एरवीं रबरी अक्षरें वर तोंड करून पॅडला टेकलेलीं असतात. मूठ दाबली म्हणजे तीं बाजूच्या खांचांतून सरकत अर्धा फेरा घेतात आणि कागदावर उमटतात. हात सैल होतांच स्प्रिंग त्यांना पुन्हां पॅडकडे नेते. शाई वाळली म्हणजे मूठ अर्धवट दाबून बाजूची कळ आंत लोटावी. अक्षरें मध्येंच अडकून राहतात, पॅड मोकळें होतें आणि बाजूनें ओढून काढतां येतें. नवें पॅड बसवून मूठ किंचित् दाबून सोडली कीं कळ सुटते आणि शिक्का कामास सिद्ध होतो. पुष्कळदां नवा शिक्का असाच अडकविलेल्या स्थितींत हातीं येतो. तो बिघडला आहे असें समजून जोर लावणारा मनुष्य उगाच त्याची मोडतोड करतो.

परंतु ही कळ रक्षणासाठीं नाहीं, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. ती पॅड बदलण्यापुरती आहे. धन्याचा हात आणि परक्याचा हात यांतला भेद तिला कळत नाहीं. कोणाच्याहि अंगठ्यानें ती सुटते. कचेरींतील शिक्का मेजावर उघडा पडला, किंवा घाईसाठीं कोऱ्या कागदांवर आधींच उमटवून ठेविला, तर चाणक्याला मिळालेली अंगठी वाटेल त्याला मिळाल्यासारखें होतें. शाई भरण्याचें काम यंत्रानें पत्करलें आहे. मजकूर वाचून, त्याची अखेर पाहून, मगच ठसा उमटविण्याचें आणि काम आटोपल्यावर शिक्का कुलपांत ठेवण्याचें काम अजून माणसाकडेच आहे.