मांडूचा दवाखाना आणि सैलानीची वाट

आमच्या यावलच्या उत्तरेला सातपुडा. तो उतरून नर्मदा ओलांडली की माळवा आणि मांडू. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी (कारकीर्द १४३६ ते १४६९) याने एक दवाखाना काढला आणि तो मौलाना फजलुल्लाह हकीम यांच्याकडे सोपवला. तिथे मनोरुग्णांवरही इलाज होत असे. खानदेशात त्या वेळी फारुकी सुलतान होते, राजधानी बुऱ्हाणपूर. म्हणजे आपल्या शेजारच्या राज्यात साडेपाचशे वर्षांपूर्वीच वेड हा हकिमाने बघायचा आजार होता.

आज गावात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा एकटाच बोलू लागला, रात्र रात्र जागू लागला, की घरात पहिला शब्द निघतो, ‘असर झालाय’. त्यामागोमाग, ‘सैलानीला न्या’. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघंही जातात, होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. कुणाच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही. दुवाने आईच्या जिवाला धीर येतो, आणि तो धीर खोटा नसतो. माझा प्रश्न इलाजाविना गेलेल्या वर्षांचा आहे.

कारण त्या वर्षांत मन एकटं आजारी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर मरतात, आणि त्यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांनी होतात. न्यूझीलंडमध्ये सुमारे २३ लाख लोकांच्या ३० वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहिलेल्यांना पुढे हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात असे आजार जास्त आणि लवकर झालेले दिसले. झोप उडते, जेवणाचं भान राहत नाही, तंबाखू वाढते, कामधंदा सुटतो. त्यात अशा माणसाने ‘छातीत दुखतंय’ म्हटलं तर ऐकणारा म्हणतो, त्याचं काय मनावर घ्यायचं!

बल्खचे अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी हे ओळखलं होतं. शरीर आणि मन या दोहोंच्या तंदुरुस्तीवर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. मन दुखावलं की शरीराची गोडी जाते आणि ते आजारीही पडू शकतं, असं ते मांडतात. हकीम फक्त शरीराकडे बघतात, ही त्यांची तक्रार होती. अकराशे वर्षांपूर्वीची!

हा वारसा आपण अभिमानाने सांगतो, पण ६ ऑगस्ट २००१ ची पहाटही आपलीच आहे. तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहात आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही, २८ जणांचा जीव गेला. मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट मनाई आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावरही एक गोष्ट घरच्यांच्या नजरेतून सुटते. गोळ्या सुरू झाल्यावर मुलाचं वजन वाढतं, आणि मावशी-खाला म्हणतात, ‘माशाअल्लाह, तब्येत सुधारली.’ यातल्या काही गोळ्यांनी वजन आणि रक्तातली साखर दोन्ही वाढतात. म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून साखर, रक्तदाब आणि वजन मात्र वेळोवेळी तपासून घ्यायचं. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारचा १४४१६ हा टेली-मानस क्रमांक आहे. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.