गॅलव्हेस्टन : वाहून गेलेली घरे आणि उचललेली भूमी

आठ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. वांद्र्याच्या मतमाउलीच्या जत्रेचे वेध आपल्याला याच दिवसांत लागतात. १९०० साली हा सण शनिवारी आला होता. त्याच शनिवारी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगतचे गॅलव्हेस्टन शहर समुद्राने गिळले. आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात, त्याला त्या बाजूला हरिकेन असे नाव आहे. अमेरिकेच्या इतिहासात इतके बळी घेणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती नाही.

गॅलव्हेस्टन म्हणजे वाळूचे एक लांबट, अरुंद बेट. कापसाच्या निर्यातीवर श्रीमंत झालेले सुमारे ३८,००० वस्तीचे हे बंदर. पण शहरातील सर्वांत उंच जागादेखील समुद्रसपाटीपासून नऊ फुटांपेक्षा कमी. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांत नामशेष झाले, तेव्हा गॅलव्हेस्टनमध्ये समुद्राला भिंत घालण्याची चर्चा झाली. पण ती चर्चेतच राहिली. हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनीच १८९१ साली वर्तमानपत्रात लिहून वादळाची भीती निराधार ठरवली होती. शिवाय किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या खणून लोकांनी ती वाळू शहरातील सखल जागा भरण्यासाठी नेली. समुद्र आणि घरे यांच्यामध्ये निसर्गाने उभा केलेला बांध माणसांनीच मोडला.

त्या रात्री पाणी पंधरा फुटांहून अधिक चढले. घरे लाकडाची व खांबांवर उभारलेली होती. पाण्याने ती पायापासून उचलली जाऊ नयेत म्हणून काहींनी घरातली जमीन कुऱ्हाडीने फोडून पाणी आत घेतले. आगीपासून रक्षण व्हावे म्हणून छपरांवर घातलेल्या पाटीच्या दगडाच्या फरश्या वाऱ्यावर उडून सुऱ्यांसारख्या माणसांवर आदळल्या. समुद्राकाठची घरे मोडली, त्यांचे वासे पुढच्या घरांवर आपटले आणि तीही कोसळली. अखेर या मोडतोडीची उंच रास साचली व तिच्याच आडोशाने उरलेले शहर वाचले. ३,६०० हून अधिक घरे नष्ट झाली; निदान ६,००० माणसे मेली, काहींच्या मते ८,०००. क्लाइन यांच्या घरात आसरा घेतलेल्यांपैकी बरेच जण बुडाले. त्यांत त्यांची गरोदर पत्नीही होती.

शहराबाहेर किनाऱ्यावर सेंट मेरीज अनाथाश्रम होता. सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द इनकार्नेट वर्ड या संघाच्या धर्मभगिनी तो चालवीत. सकाळी त्यांपैकी एक भगिनी अन्नसामग्रीसाठी शहरातील रुग्णालयात आली होती. मदरनी तिला थांबण्याचा आग्रह केला. पण मुले रात्री उपाशी राहतील म्हणून ती परत गेली. पाणी चढू लागले तेव्हा भगिनींनी मुलांकडून मरियामातेचे गीत म्हणवून घेतले आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधले. दहा भगिनी आणि नव्वद मुले बुडाली. झाडाला धरून राहिलेले तीन मुलगे तेवढे वाचले. पुढे मृतदेह सापडले तेव्हा दोऱ्या तशाच बांधलेल्या होत्या.

नंतरचे दिवस भयाण होते. समुद्रात सोडलेली प्रेते लाटांबरोबर किनाऱ्यावर परत आली आणि अखेर जागोजागी चिता पेटवाव्या लागल्या. ही प्रेते वाहण्याचे काम कृष्णवर्णीयांकडून बंदुकीच्या धाकाने करवून घेतले गेले, हेही सांगितलेच पाहिजे. मदतीचा हातही मोठा होता. रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन वयाच्या ७८ व्या वर्षी तेथे धावून आल्या. मदत समितीत कॅथीड्रलचे फादर जेम्स कर्विन होते. बेघरांसाठी लहान घरे उभी राहिली. धर्मभगिनींनीही नवा अनाथाश्रम उघडला.

पण नुसती घरे बांधून भागणार नव्हते. १९०२ ते १९०४ या काळात सुमारे तीन मैल लांब व सतरा फूट उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. त्यानंतर शहराने आपली भूमीच उचलायला घेतली. दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून वर उचलल्या गेल्या व त्यांच्याखाली समुद्रतळाची वाळू पाण्यासह नळांतून सोडली गेली. तीन हजार टनांचे सेंट पॅट्रिक चर्चदेखील ७०० जॅकच्या साहाय्याने पाच फूट वर आले. भरावाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला. आपले घर उचलण्याचा खर्च मात्र ज्याने त्याने सोसला. कित्येक वर्षे लोक फळ्यांच्या उंच वाटांवरून चालले. खाऱ्या भरावाने झाडे मेली, ती पुन्हा लावली. १९११ साली हे काम पुरे झाले. ज्या वाळूचा बांध लोकांनी खणून टाकला होता, तीच वाळू अफाट खर्चाने परत आणावी लागली.

१९१५ साली तसेच भयंकर वादळ आले. भिंतीबाहेरची बहुतेक घरे गेली. भिंतीआडच्या शहरात मात्र मोजकीच माणसे दगावली. तरीही माणसाचे कोणतेच काम अंतिम नसते. भिंतीपुढची पुळण झिजत गेली आणि २००८ साली आइक या वादळाचे पाणी पाठीमागच्या खाडीतून शहरात शिरले.

आपल्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडात आले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. छपरे उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आपण कौले चढवली, पत्रे ठोकले. ते आवश्यकच होते. पण घर ज्याचे त्याचे असले तरी त्याच्या पुढची पुळण, सुरूची झाडे आणि खाडीकाठ हे साऱ्या गावाचे असतात. ते राखण्याचे काम एका कुटुंबाच्या ताकदीचे नाही. गॅलव्हेस्टनला हे शहाणपण हजारो जीव गमावल्यानंतर आले. आपल्याला ते इतके महाग पडू नये.

त्या संघाच्या धर्मभगिनी आजही दर वर्षी आठ सप्टेंबरला तेच गीत गातात आणि त्या शंभर जीवांचे स्मरण करतात. मरियेच्या जन्माचा सण साजरा करताना आपणही त्या स्मरणात सामील होऊ या.