कोपरच्या वरच्या फलाटावरून

संध्याकाळचे सहा. वसईकडे जाणारी गाडी यायला अजून अवकाश आहे. या मार्गावर गाड्या मोजक्याच. तुम्ही डोंबिवलीजवळच्या कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावर उभे आहात. खालून मुख्य मार्गावरची लोकल धडधडत जाते आणि तिचा कंप तुमच्या तळव्यांना जाणवतो. समोर, इमारतींच्या फटीतून, उल्हास खाडीची चकाकती पट्टी दिसते. तिच्यावरची नजर हलवू नका.

इमारती विरतात, फलाटही नाहीसा होतो. पाय घोटाभर चिखलात रुततात. 1 मे 1854.

चहूकडे खाजण आहे. खाडीलगत तिवरांची हिरवी भिंत, तिच्या आत मातीचा बांध आणि बांधाच्या आत पावसाची वाट पाहणारी भाताची शेतं. पावसाआधी बांध दुरुस्त व्हायलाच हवा, म्हणून आगरी बायामाणसं ओल्या चिखलाचे गोळे हातोहात देत आहेत. तुम्हीही रांगेत उभे राहा. बांधात एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की खाडीचं पाणीच ते दाबून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. ना पहारेकरी, ना कुलूप. बांधाला एवढंसं भगदाड पडलं तरी खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं नापीक होते. आज डोंबिवली पश्चिमेत आपण ज्या जमिनीवर राहतो, तिच्यातली कितीतरी अशा हातांनी राखलेली आहे. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अचानक सगळे थबकतात. पारसिकच्या डोंगराकडून धूर येतो आहे. ठाण्यापर्यंतची आगगाडी 16 एप्रिल 1853 ला सुरू झाली. आज ती खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराखालचे छोटे बोगदे पार करून कल्याणला निघाली आहे. पारसिकचा लांब बोगदा व्हायला 1916 साल उजाडायचं आहे. गाडी इथे थांबत नाही. तिला इथे थांबण्यासारखं काही दिसतच नाही.

तिच्या मागे न जाता पाण्याकडे वळा. आणखी मागे चला.

1659 च्या आसपास. रूळ नाहीत, खाडी हाच हमरस्ता. 24 ऑक्टोबर 1657 ला शिवाजी महाराजांच्या फौजेने आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. समुद्र गाठायचा तर ती याच पाण्यावरून उतरणार, आणि पुढे वसईला पोर्तुगीज बसलेले. तुम्ही तिवरांत उभे राहून पाहताय ती जहाजं म्हणूनच जपून निघाली आहेत.

आणखी मागे गेलात की इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. कल्याणचे व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांना दान देत आहेत. त्यांची नावं तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत. एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात कल्याण बंदर 'कॅलिएना' म्हणून येतं. तो सांगतो, सत्ता बदलल्यावर इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. दोन हजार वर्षांपूर्वीही या चिंचोळ्या पाण्यासाठी राज्यं एकमेकांशी झगडत होती.

हॉर्न वाजतो. गाडी आली. खिडकीशी बसा; कोपर सुटल्यावर ती खाडीवरच्या पुलावर चढते. खाली तेच पाणी आहे, भरतीला अजूनही कल्याणकडे चढणारं. काठाला मात्र तिवरांवर राडारोड्याचे ढीग दिसतील.

डोंबिवलीकर असाल, तर एका रविवारी ओहोटीची वेळ पाहून मुलांना खाडीकाठी न्या. चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे दाखवा, जुन्या बांधाची जागा गावातल्या एखाद्या आजोबांना विचारा. आणि तिवरांत डंपर रिकामा होताना दिसला, तर गप्प बसू नका, तक्रार करा.