आडव्या कणांचे उभे राहणे

आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतून १९५६ च्या सप्टेंबरात रॅमॅक नावाचे जे यंत्र बाहेर पडले, त्याच्या उदरात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चुंबकीय तबकड्या फिरत असत, त्यांवर सारी मिळून पन्नास लाख अक्षरे मावत, आणि हा सगळा सरंजाम दरमहा ३,२०० डॉलर भाड्याने मिळे. चोवीस वर्षांनी, १९८० मध्ये, ॲलन शुगार्ट यांच्या कंपनीने सव्वापाच इंची मापाची पाच मेगाबाइटची डिस्क विक्रीस काढली, तेव्हा क्षमतेत म्हणण्यासारखी वाढ झालेली नव्हती. परंतु मेजावरच्या संगणकात ती मावत होती, आणि म्हणून घरगुती साठवणीची कालगणना या दुसऱ्या डिस्कपासून करावी हेच मला सयुक्तिक वाटते. भाडेकरूचा मालक झाला, आणि मालकीबरोबर विवंचनाही आली: जागा अपुरी पडली की नव्या पद्धतीची डिस्क घ्यावी, की जुनी, पारखलेली?

ही विवंचना निराधार नव्हती. आयबीएमने २००० साली काढलेल्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी या डिस्कमध्ये ॲल्युमिनियमऐवजी काचेच्या तबकड्या होत्या. तिचा वेग उत्तम होता, लौकिकही मोठा होता, आणि तरीही त्या डिस्क बंद पडल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीविरुद्ध सामूहिक फिर्याद गुदरली. त्याच सुमारास जुन्या संगणकांना १३७ गिगाबाइटपलीकडची डिस्क पुरती ओळखता येत नसे, त्यामुळे पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या डिस्कचा काही भाग पडीक जमिनीसारखा बिनवहिवाटीचा राही.

खरी कसोटी पुढेच होती. तोवर तबकडीवरील चुंबकीय क्षेत्रे पृष्ठभागाशी समांतर, म्हणजे आडवी, मांडली जात. अधिक मजकूर मावावा म्हणून ती लहान करीत जावे, तो खोलीतल्या साध्या उष्णतेनेही आपली दिशा विसरण्याचा दोष त्यांना जडू लागे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्टॅन्ली चॅराप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये या पद्धतीची मर्यादा दर चौरस इंचास सुमारे ३६ गिगाबिट अशी गणिताने ठरवून दिली होती. अभियंत्यांनी ती ओलांडली खरी, पण तेवढ्याने दोषाचे निवारण झाले नाही, त्याला तहकुबी मिळाली इतकेच.

त्यावरील तोड जपानात केव्हाच सुचलेली होती. सेंडाई येथील तोहोकु विद्यापीठात शुन-इची इवासाकी यांनी १९७० च्या दशकातच असे प्रतिपादिले होते की ही क्षेत्रे तबकडीवर लंबरूप उभी करावीत आणि त्यांच्याखाली मृदू चुंबकीय द्रव्याचा एक थर द्यावा, म्हणजे लेखनशीर्षाचे बळ खोलवर पोहोचते, शेजारशेजारची क्षेत्रे एकमेकांना उलथविण्याऐवजी आधार देतात, आणि तेवढ्याच जागेत अधिक मजकूर स्थिर राहतो. परंतु आडव्या पद्धतीचा नफा चालू असेतोवर कारखानदारांना उभ्या कणांची निकड भासली नाही, आणि इवासाकींना या मीमांसेची बाजारपेठेतील फलश्रुती पाहण्यास सुमारे तीन दशके थांबावे लागले. २००५ मध्ये तोशिबाने १.८ इंची डिस्कमध्ये ही पद्धत प्रथम विक्रीस आणली. इवासाकींना जपान पुरस्कार मिळाला तो २०१० मध्ये.

२००६ च्या एप्रिलात सीगेटची बॅराकुडा ७२००.१० आली, आणि घरगुती गिऱ्हाइकापुढे मोठी मनोवेधक निवड उभी राहिली. एका बाजूस हिताचीची ५०० गिगाबाइटची, पाच तबकड्यांची, आडव्या पद्धतीची परिचित डिस्क. दुसऱ्या बाजूस ७५० गिगाबाइटची नवी डिस्क, जिच्यात तबकड्या चारच. काचेच्या तबकड्यांचा अनुभव ताजा असताना जे वर्षभर थांबले, त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. मात्र आज मागे पाहता असे दिसते की त्या स्थित्यंतरात ग्राहकाचे काहीही हिरावले गेले नव्हते, उलट फिरणारे भाग कमी झाले होते. २००७ मध्ये हिताचीनेही उभ्याच पद्धतीने पहिली एक टेराबाइटची डिस्क ३९९ डॉलरांना जाहीर केली, आणि वाद मिटला.

ज्या नवलाईची खरोखर धास्ती घ्यावयास हवी होती ती मात्र दवंडी न पिटता आली. २०१३ पासून सीगेटने अशा डिस्क विकण्यास आरंभ केला की ज्यांतील ट्रॅक, छपरावरील कौले एकमेकांवर चढवावीत तसे, अंशतः परस्परांवर लिहिलेले असतात. वाचनशीर्षाला अरुंद पट्टा पुरतो, लेखनशीर्षाला रुंद लागतो, या भेदाचा हा चतुर उपयोग होय. पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्यापुढील ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. एकदा ठेवून क्वचित उघडावयाच्या संग्रहास ही तजवीज उत्तम. अनेक डिस्कच्या पेटीत एक निकामी होऊन तिच्या जागी दुसरी भरताना, जिथे अखंड लेखन चालते, तिथे ती दिवसचे दिवस रेंगाळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की टोकियोचे अकिहाबारा, डिस्क विकली जाते ती टेराबाइट आणि किंमत या दोन आकड्यांवर; लेखनाच्या रीतीचा रकाना वेष्टनावर नव्हताच. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील दोन ते सहा टेराबाइटच्या, अशाच पेट्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक डिस्क या पद्धतीच्या आहेत, हे २०२० च्या एप्रिलात उघडकीस आले, तेव्हा जुन्या मॉडेलच्या नावाअखेरीस ईएफआरएक्स आणि नव्याच्या अखेरीस ईएफएएक्स, एवढाच फरक गिऱ्हाइकास दिसत होता. गहजब झाला, कंपन्यांनी कोणत्या मॉडेलची रीत कोणती याच्या याद्या प्रसिद्ध केल्या, आणि फिर्यादीही झाल्या.

तिकडे २०२४ पासून सीगेटने तीस टेराबाइटच्या पुढे मजल मारली आहे ती लोह आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूवर लिहिण्याच्या क्षणापुरता लेसरने ताप देऊन. या डिस्क प्रथम मोठ्या विदा-केंद्रांकडेच गेल्या. छायाचित्रे आणि कागदपत्रे ठेवण्यासाठी चार-सहा टेराबाइट हवे असणाऱ्या गृहस्थाला त्या तापाशी तूर्त कर्तव्य नाही. त्याच्यापुढे बहुधा एकाच क्षमतेच्या दोन डिस्क असतात, एक कौलारू आणि एक सुट्या ट्रॅकची, आणि पैसे देण्यापूर्वी त्याने यादीत मॉडेलचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहिलेले असावे.